परवानगी मागितलीच कुठे होती?

मा. संपादक,


‘परवानगी नाकारली की मोबाइल सुरक्षित’ हे आपल्या लेखातले विधान चुकीचे आहे. कॉपी केलेला मजकूर (क्लिपबोर्ड) वाचायला अ‍ॅपला वर्षानुवर्षे परवानगी लागतच नव्हती. मग नाकारायचे काय? जून २०२० मध्ये अ‍ॅपलच्या आयओएस १४ची चाचणी आवृत्ती अ‍ॅपने असा मजकूर वाचल्याची सूचना दाखवू लागली, तेव्हा टायपिंग चालू असताना पुन्हा पुन्हा क्लिपबोर्ड वाचणारे टिकटॉक उघडे पडले. स्पॅम रोखण्यासाठी, असा खुलासा करून कंपनीने तो प्रकार थांबवला. बोभाटा झाल्यावर! अ‍ॅपलने पेस्टसाठी संमती विचारणे २०२२मध्ये सुरू केले. अँड्रॉइड १२पासून नुसती सूचना झळकते, तीही मजकूर वाचला गेल्यावर. पासवर्ड, खाते क्रमांक सगळेच कॉपी करतात. त्याचा दोष ‘निष्काळजी वापरकर्त्यां’च्या माथी मारणे अन्यायाचे आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, सातारा