अठरा तासांनंतरचे सहा तास

आपल्या वसतिगृहात दरवर्षी एप्रिल महिन्यात बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त ‘सलग अठरा तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. गेली अनेक वर्षे त्याचे संयोजन माझ्याकडे आहे. पहाटे सहाला त्रिशरण-पंचशील झाले की मुले पुस्तके उघडतात, ती मध्यरात्रीपर्यंत. माजी विद्यार्थ्यांना तो दिवस आठवत असेलच. रात्री नऊनंतर डुलक्या घेणाऱ्यांना तोंड धुऊन येण्यास पिटाळणारा मीच होतो. उपक्रमाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. परंतु अठरा तासांचा आपण इतका गौरव केला की, दिवसाच्या उरलेल्या सहा तासांचे काय करावे हे मुलांना सांगायचे राहूनच गेले, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. वीस-बावीस वर्षांचा तरुण त्या सहा तासांतही जगत असतो.

हे वाटण्याचे कारण सांगतो. आपला एक माजी विद्यार्थी, नाव सांगत नाही, काही वर्षांपूर्वी वर्धापन दिनाला आला होता. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी आणि सायंकाळी एका दुकानात हिशेबाचे काम, असे त्याचे चालले होते. त्याच्या पायांत नवे, पांढरेशुभ्र बूट होते. मुले त्याच्याभोवती जमून बुटांची किंमत विचारत होती आणि तो लाजत सांगत होता. मला ते रुचले नाही. त्या दिवशीच्या भाषणात मी लंडनमधील पापडांचा प्रसंग सांगितला आणि पुढे म्हणालो, “बाबासाहेब पापडांवर रात्र काढत होते, आणि आपली मुले पहिल्या पगारात बूट घेतात!” मुले हसली. तो जेवायला थांबला नाही. पुढची चार वर्षे तो शाळेकडे फिरकला नाही.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला. चहा घेताना मीच तो विषय काढला. तो म्हणाला, “सर, राग नव्हता. पण ते बूट माझ्या मापाचे होते. सात वर्षे वसतिगृहात देणगीतले बूट घातले. एक तर बोटे दुमडून, नाही तर पुढे कापूस कोंबून.” ते देणगीतले बूट रांगेत उभे करून वाटणारा मीच होतो. रांगेत जो जोड हाती येईल तो पुढच्या मुलाला. पाय पाहिले नव्हते.

त्यानंतर मी बाबासाहेबांच्या चरित्रातील तारुण्याची पाने पुन्हा वाचली. जुलै १९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्यांचे वय बावीस होते. प्रथम ते हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले आणि तिथले जेवण न आवडल्याने काही दिवसांतच त्यांनी जागा बदलली. मेसच्या भाजीविषयी तक्रार करणाऱ्या आपल्या मुलाला आपण ‘जिभेचे चोचले’ म्हणून गप्प करतो. बाबासाहेबांनी त्याच कारणासाठी बिऱ्हाड हलविले होते! पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना नवल भथेना हे पारशी मित्र लाभले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. कोलंबियातील काही सहाध्यायी आणि तिथले थोर प्राध्यापक हे आपल्याला आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र, असे त्यांनी १९३० साली लिहिले आहे. तिथे एका टेबलावर सर्वांबरोबर जेवता येत होते, आडनाव न सांगता रस्त्याने हिंडता येत होते. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नमूद करतात. ज्याला घरी सार्वजनिक पाणवठा वर्ज्य होता, त्याच्यासाठी मित्राबरोबर घेतलेला कॉफीचा पेलाही लहान सुख नव्हते. आणि पुस्तके! जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले. ते काय केवळ कर्तव्य म्हणून?

आता पापडांविषयी. तो प्रसंग खरा आहे. दुसऱ्या खेपेस, १९२० साली, ते लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये यांच्या आधारावर. इकडे मुंबईत रमाई तितक्याच काटकसरीने संसार रेटत होत्या. रात्री भुकेपोटी भाजलेला पापड हे व्रत नव्हते. पैसे नव्हते म्हणून पापड होता. टंचाई आणि त्याग यांत फरक असतो, आणि तो न करता मी वर्षानुवर्षे भाषणे ठोकत आलो. टंचाई संपल्यावर बाबासाहेबांनी उत्तम शिवलेले कपडे वापरले, फाउंटन पेनांचा षोक केला, कुत्री पाळली आणि उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले.

त्यांच्या संस्थांकडे पाहिले तरी हेच दिसते. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांच्या अन्नवस्त्राची आणि पुस्तकांची सोय केलीच. पण याच सभेने मुंबईत तरुणांसाठी मोफत वाचनालय आणि हॉकीचा संघही चालविला. पोट भरण्याची भ्रांत असलेल्या समाजासाठी हॉकी! आज एखाद्या पालकसभेत असा ठराव आला तर ‘आधी निकाल सुधारा’ असेच आपण म्हणू.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत : कष्टाने, सन्मार्गाने मिळविलेले धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. वंदनेनंतरच्या प्रवचनात आपण शेवटच्या दोहोंवर भर देतो. दुसऱ्याचा उल्लेख आला की आपला आवाज खाली जातो. दारिद्र्याला धन्य मानणारी शिकवण बुद्धाची नव्हे, हे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी मुलांना चैन शिकवू लागले. चैनीचे धोके मलाही दिसतात. हप्त्यावर घेतलेला महागडा मोबाइल आणि त्यापायी बुडालेले शैक्षणिक वर्ष, अशी उदाहरणे माझ्या वर्गातून गेलेल्यांतच आहेत. माझे म्हणणे त्यांच्याविषयी नाही. पहिल्या पिढीत शिकलेला मुलगा शहरात खोली शोधतो तेव्हा घरमालक भाड्याआधी पूर्ण नाव विचारतो. शिष्यवृत्तीचा हप्ता सहामाही उलटली तरी येत नाही. रविवारी रात्री मेस बंद, म्हणून वडापाव. परीक्षा पुढे ढकलली की घरून फोन येतो, “झालं का तुझं?” यांपैकी एकही गोष्ट सांगण्याजोगी मोठी नाही, म्हणून तो कोणालाच सांगत नाही. आपल्याला सांगावे, तर आपण महाडच्या सत्याग्रहाची आठवण करून देतो. इतक्या मोठ्या इतिहासापुढे स्वतःच्या वडापावची तक्रार कोण मांडेल?

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. मुंबईत परिचारिका असलेली आपली एक विद्यार्थिनी पगाराचा मोठा भाग धाकट्या भावंडांसाठी पाठविते. तिला विचारले, स्वतःसाठी काय करतेस? ती म्हणाली, “रात्रपाळी संपली की पहिली लोकल रिकामी असते. खिडकीशी बसते आणि डबा तिथेच उघडते. घरी गेल्यावर भांडी असतात.” तिने हे चोरी कबूल केल्याच्या स्वरात सांगितले. तो स्वर तिला कोणी दिला, हे मला माहीत आहे. रविवारी अंगणात रेडिओ ऐकत बसलेल्या मुलींना ‘अभ्यास नाही का?’ असे विचारणाऱ्यांत मीही होतो.

संस्थेच्या विश्वस्तांपुढे आणि माजी विद्यार्थी संघापुढे म्हणूनच दोन सूचना ठेवतो. अठरा तासांचा उपक्रम चालू राहावा. पण दुसऱ्या दिवशी मुलांना पूर्ण सुट्टी असावी आणि त्या दिवशी त्यांनी काय करावे, हे शिक्षकांनी ठरवू नये. झोपतील, क्रिकेट खेळतील, खेळू द्यावे. दुसरी सूचना देणगीदारांना. बूट, गणवेश, स्वेटर पाठविण्यापूर्वी शाळेकडून मापांची यादी मागवावी. वस्तू कमी आल्या तरी चालतील. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची, असे ठरविले आहे. ते काम मी स्वतः करणार आहे.