वजन नोंदले, मूल राहिले

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांतल्या कुठल्याही अंगणवाडीत जा आणि चार वर्षांच्या एखाद्या मुलाची माहिती विचारा. वजन, उंची, लसींच्या तारखा, महिन्याची हजेरी, आहार किती दिवस दिला, सगळे सापडेल. आता विचारा, की हे मूल गेल्या महिन्यात काय नवे शिकले, त्याला कशाचे कुतूहल वाटते, ते कुठे अडते? उत्तर मिळाले तर सेविकेच्या तोंडून मिळेल. कागदावर फार तर होय-नाहीच्या खुणा असतील.

वजन घेणे चूक नव्हे. ज्या राज्यात कुपोषणाने ग्रासलेला मेळघाट आहे, तिथे वजनकाटा आधी हवाच. पण त्यावर समाधान मानून स्वस्थ बसलेल्या समाजाला मी दोषी धरतो. गरिबाच्या मुलाचे पोट भरले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मनोमन ठरवून टाकले आहे. त्या मुलाला बुद्धी आहे आणि ती आजच, या घडीला काम करते आहे, हे आपल्या हिशेबातच नाही.

एक मूल चिंचोक्यांचे दोन ढीग करते. एक पसरलेला, दुसरा दाटीचा. पसरलेल्यात जास्त आहेत, असे ते म्हणते. बाई चूक दाखवत नाहीत. ‘कशावरून?’ एवढेच विचारतात. मूल दोन्हींकडचा एकेक चिंचोका समोरासमोर मांडू लागते, मध्येच थांबते आणि म्हणते, ‘सारखंच हाय की!’ दोन मिनिटांचा खेळ. पण संख्या ही जागेवर अवलंबून नसते, हे त्या मुलाने स्वतः शोधून काढले. बाईंनी तारीख घालून त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवले, तर उद्या त्याच्यापुढे काय ठेवायचे हे त्यांना कळेल. महिन्याभराने मागची नोंद वाचून मूल कुठून कुठे आले हे दिसेल. न लिहिल्यास तेही सगळ्यांबरोबर एक ते दहा घोकत राहील, आणि वर्षाअखेरीस त्याच्या नावापुढे ‘अंक ओळखतो’ अशी खूण पडेल.

पैसेवाल्यांची मुले यातून सुटली आहेत, असे कोणी समजू नये. तिथे नोंदींचा सुकाळ आहे आणि त्या मोठ्यांसाठी आहेत. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज फोटो हवेत, म्हणून खेळ रंगात आला की ‘इकडे बघ’ म्हणत मुलाला त्यातून उठवले जाते. बाईंनी कापलेला, बाईंनीच चिकटवलेला कागदी मोर मुलाच्या नावाने घरी जातो. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल कोंबून एबीसीडी गिरवून घेतात, कारण भरलेल्या फीची पावती म्हणून आईबापांना भरलेली वही लागते. वही कोरी दिसली की जाब विचारायला हेच सुशिक्षित आईबाप शाळेच्या दारात उभे. सकाळभर खपून मुलाने वाळूत पाणी अडवले, ते का फुटले याचा विचार केला, त्याची विचारपूस कोणी करत नाही. लेकराच्या विचाराचा हा अपमान आपण दरमहा पैसे मोजून विकत घेतो.

मुलाच्या विचाराकडे पाहा, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, असे म्हणायची सोय नाही. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ वारली मुलांमध्ये राहिल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणावर शाळा भरवली. माँटेसरीची महाग साधने बाजूला ठेवून बिया, शिंपले, पाने हाती घेतली. मूल काय करते ते आधी पाहायचे आणि मग आपला बेत बदलायचा, ही त्यांची रीत होती. 2 ऑक्टोबर 1975 पासून सरकारी योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. ही रीत मात्र मागेच राहिली.

पैसा नाही, ही सबब तर नकोच. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इटलीत रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात लोकांनी, माघारी गेलेल्या जर्मन सैन्याने टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभी केली. लोरिस मालागुझ्झी या तरुण शिक्षकाने ते काम पुढे वाढवले. तिथल्या बालशाळांत मुलांची बोलणी टिपून ठेवतात, चित्रांसोबत भिंतीवर लावतात, आणि शिक्षक व पालक एकत्र बसून त्यांवर चर्चा करतात.

आपली सेविका का लिहीत नाही? तिला आपण वेळ ठेवला आहे का? गृहभेटी, लसीकरण, सर्वेक्षणे, पोषण ट्रॅकर ॲपवर भरायची माहिती, घरपोच आहार देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची मोबाइलवर पडताळणी, आणि एवढे करून हातात पगार नव्हे, मानधन. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या. आपल्यातले किती जण त्यांच्या शेजारी जाऊन बसले?

मूळ राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचे उद्दिष्ट होते. सहाच्या आतली मुले त्यात आपोआप येत होती. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वयाला दिला आणि धाकट्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच ठेवले. बहुतेकांना याची खबरही नाही. पायाभूत स्तराच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलाचे निरीक्षण आणि त्याच्या कामाचा अभ्यास हेच मूल्यमापनाचे मार्ग सांगितले आहेत. म्हणजे ताराबाईंची रीत कागदावर सरकारलाही पटलेली आहे.

आता ग्रामसभेत उठून मागा: सेविकेला रोजचा अर्धा तास रजिस्टरातून आणि मोबाइलमधून मोकळा द्या, आणि तिला नोकरीचा दर्जा द्या. शहरातल्या पालकांनी वर्कशीट मागणे बंद करावे आणि बाईंना विचारावे, की आज माझ्या मुलाने काय प्रश्न विचारला? बाईंना सांगता आले नाही, तर त्यांच्यावर चिडू नये. शाळा चालवणाऱ्यांना गाठून विचारावे, की एका बाईंच्या हवाली इतकी मुले का केलीत?