घड्याळही परिग्रहातच मोजायचं



हल्ली लग्नात जावयाला द्यायच्या वस्तूंच्या यादीत एक नवी ओळ वाढली आहे: घड्याळ. साधंसुधं नाही, तर सोन्याचं, हिरे जडवलेलं, परदेशी कंपनीचं. "सोन्यासारखीच गुंतवणूक आहे, पुढे लिलावात दामदुप्पट होईल," असं सांगून मुलीच्या बापाची समजूत काढली जाते. मला हे ना हिशेबाने पटत, ना धर्माने.

आधी हिशेब बघू. मी कॉमर्सची, त्यामुळे खरेदीच्या आधी विक्रीचा विचार करते. आपली पाटली सराफाकडे नेली की तो वजन करतो, शुद्धता बघतो आणि त्या दिवशीच्या भावाने पैसे देतो. घड्याळाची केस बहुतेक 18 कॅरेटची असते, वजनाला थोडी. सराफ मोजेल ते तेवढंच सोनं. बारीक हिऱ्यांचे फारसे काही येत नाहीत. उरलेली सगळी किंमत नावाची. त्या नावाचं वेड असलेला गिऱ्हाईक भेटला तरच ती वसूल होणार.

मग लिलावात कोट्यवधी येतात ते कशाचे? 2017 मध्ये न्यूयॉर्कला नट पॉल न्यूमन यांचं रोलेक्स विकलं गेलं. हातोडा पडला 1 कोटी 55 लाख डॉलरला, आणि लिलाव कंपनीचं शुल्क धरून घेणाऱ्याने मोजले सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलर, तेव्हाचे जवळजवळ 115 कोटी रुपये. नुसतं वरचं शुल्कच 22 लाख डॉलर! आणि घड्याळ होतं स्टीलचं. बायकोने ते भेट देताना मागे कोरून घेतलं होतं, गाडी जपून चालव. नवऱ्याला मोटारींच्या शर्यतीचा नाद होता ना! 2019 मध्ये जिनिव्हाला पाटेक फिलिपच्या एका घड्याळाने 3 कोटी 10 लाख स्विस फ्रँकचा विक्रम केला. तेही स्टीलचंच, आणि तो लिलाव होता स्नायूंच्या एका दुर्धर आजारावरच्या संशोधनासाठी. म्हणजे विक्रम ना सोन्याने केला, ना हिऱ्यांनी. अशी घड्याळं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपण दुकानातून घेतलेलं त्यांच्या रांगेत बसत नाही.

लिलावाची दुसरी बाजू तर आपल्या मुंबईतच दिसली. पंजाब नॅशनल बँकेच्या 13 हजार कोटींहून मोठ्या घोटाळ्यात नीरव मोदीवर आरोप झाले, तोवर तो देशाबाहेर गेला होता, आणि ईडीने मालमत्ता जप्त केली. मार्च 2020 मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात निघाल्या. चित्रं, मोटारी, बर्किन आणि केली पर्सेस, आणि पाटेक फिलिपचं सोनं-हिऱ्यांचं 'नॉटिलस' घड्याळ. कुणाच्या तरी हौसेच्या, जपून ठेवलेल्या वस्तू अनोळखी लोकांनी यादीत बघून बोली लावून नेल्या. मला त्या यादीत वैभव दिसलं नाही, देणं दिसलं.

आता धर्म. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे मूर्च्छा, आसक्ती. वस्तू किती तोळ्यांची हा प्रश्नच नाही, मन तिच्यात किती अडकलं हा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी परिग्रह-परिमाण करतात. सोन्याचे तोळे लिहितात, साड्यांचा आकडा लिहितात. पण घड्याळ, पर्स, गॉगल मात्र "वापरातल्या वस्तू" म्हणून त्या वहीतून अलगद सुटतात. बांगडीची मर्यादा पाळायची आणि तिच्या दसपट किमतीचं घड्याळ त्याच हातात बांधायचं, ही मर्यादा कसली?

वेळ तर आपल्याला काटेकोर लागतेच. सामायिकाच्या दोन घडी म्हणजे 48 मिनिटं, चौविहारासाठी सूर्यास्त. 'घड्याळ' या शब्दातच घडी आहे. त्यासाठी भिंतीवरचं साधं घड्याळ पुरतं, आणि त्याला कुलूप लागत नाही.

हौस करू नका असं मी म्हणत नाही. ऐपत असेल, मर्यादेत बसत असेल तर जरूर घ्या, पण गुंतवणूक म्हणू नका. खर्च म्हणून लिहा. आणि कर्ज काढून जावयाला घड्याळ देणाऱ्या घरात कुणीतरी बाईनेच तोंड उघडायला हवं. ती रक्कम मुलीच्या नावाने बँकेत ठेवा. तिच्या अडीअडचणीला उपयोगी पडेल, आणि लिलावाची वाट बघावी लागणार नाही.

यंदा चातुर्मासात परिमाणाची वही उघडाल तेव्हा घड्याळांसाठी एक ओळ वाढवाच.