मावशींचा कारभार

देवरुखात स्त्रियांच्या सार्वजनिक कार्याचा विषय निघाला की इंदिराबाई ऊर्फ मावशी हळबे यांचे नाव आदराने घेतले जाते. आणि ते घेतल्यावर लगेच असेही ऐकविले जाते की, शुश्रूषा, ममता, त्याग हे स्त्रीचे क्षेत्र खरे, परंतु हुकूम, जमाखर्च आणि सत्ता हा पुरुषांचा प्रांत. या मताचे पुरस्कर्ते मावशींनाच आपल्या बाजूने साक्षीला उभे करतात, म्हणून ती साक्ष प्रथम तपासली पाहिजे.

१९५४ साली दोन खाटांच्या प्रसूतिगृहापासून मावशींच्या ज्या मातृमंदिर संस्थेचा आरंभ झाला आणि पुढे रुग्णालय, निराधार मुलींचे ‘गोकुळ’ असा ज्याचा विस्तार होत गेला, ते केवळ मायेवर चालले असे ज्यांना वाटते त्यांनी खेड्यातले प्रसूतिगृह एक पावसाळाभर चालवून पाहावे. वहाळ भरून वाट बंद झाली तरी औषधे, रॉकेल, उकळलेले पाणी आणि धुतलेली लुगडी जागच्या जागी लागतात. अडलेल्या बाळंतिणीला इथेच ठेवायचे की डोलीत घालून पुढे धाडायचे, हा निर्णय अपरात्री, कोणाच्या मंजुरीची वाट न पाहता करावा लागतो. आणि देणगीदारासमोर पै-पैचा हिशेब मांडावा लागतो तो वेगळाच. हा कारभार नव्हे, तर मामलेदार कचेरीत याहून निराळे काय चालते? मावशींची कर्तबगारी आपण मायेच्या खाती जमा केली, इतकेच.

प्रतिपक्ष मग दूरचा दाखला काढतो : अफगाणिस्तानात स्त्रियांना अधिकारपदे दिली, त्यांचे काय झाले? त्यांपैकी हबीबा सराबींचेच पाहा. त्या मूळच्या रक्तविकारतज्ज्ञ. तालिबानच्या पहिल्या अमलात त्यांनी पेशावरच्या आश्रयाला राहून मुलींच्या शिक्षणाचे काम केले, पुढे स्त्रीविषयक खात्याच्या मंत्री झाल्या, आणि २००५ साली बामियान प्रांताच्या राज्यपाल, त्या देशातील पहिल्या स्त्री राज्यपाल, झाल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, २००९ मध्ये, बंद-ए-अमीरच्या सरोवरांचा परिसर हे त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरले. २०१३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘परकीय फौजांच्या आश्रयाने मिळालेले पद २०२१ साली तालिबान परतताच वाऱ्यावर उडाले,’ असा आक्षेप यावर घेतला जातो. पण त्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी स्वतःच देश सोडून गेले. त्यावरून पुरुषांना राज्य चालविता येत नाही असा निष्कर्ष मात्र कोणी काढल्याचे ऐकिवात नाही!

आता घरचे उदाहरण. ‘सरपंचबाई सही करतात, कारभार नवरा करतो,’ हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा आहे, हे मी मान्य करतो. परंतु दुसऱ्याच्या खुर्चीवर जो बेकायदा बसला तो गुन्हेगार, आणि अपात्र ठरवायची मात्र खुर्चीची मालकीण, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा ग्रामसभेत नवऱ्याला पाहुण्याच्या रांगेत बसवून दप्तर बाईंच्या हाती देण्याची तसदी ग्रामस्थांनी आणि ग्रामसेवकांनी घ्यावी. आणि स्त्रियांचा अधिकार म्हणजे निव्वळ शोभा, असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे : सप्टेंबर २०२१ मध्ये काबूलच्या नव्या सत्ताधीशांनी सराबींच्या जुन्या खात्याची इमारतच नीतिरक्षणाच्या खात्याला का बहाल केली?