होडी, यंत्र आणि आमची प्रतिष्ठा

घरच्या माणसांसाठी एक लहानशी यंत्रहोडी घ्यावी असे आम्ही ठरविले, तेव्हा आमच्या आप्तमंडळींत जो गहजब उडाला, तो कर्ज काढून दुसरी मोटारगाडी घेतली असती तर खचित उडाला नसता. पंधरा फुटांची फायबरची होडी, तिच्या पाठीला टांगलेले दहा अश्वशक्तींच्या आतले पेट्रोलचे यंत्र, दोन वल्ही, एक नांगर आणि चार गळ, एवढाच हा संसार. आणि त्यास लहानशा नव्या मोटारगाडीहून कमीच पैसे पडले. तरीही एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी विचारले, "मग आता बाजारात मासळी विकायलाही बसणार का?" प्रश्न थट्टेचा होता. परंतु गोमंतकातील पांढरपेशा समाजाचे नदीशी काय नाते उरले आहे, ते त्या एका थट्टेत पुरते उघडे पडले, असे आम्हांस वाटते.

ताटात विसवणाची तुकडी हवी, बांगडा आजचाच हवा, पाहुणा आला की तिसऱ्या हव्यात. मात्र वल्ह्यास हात लावणे कमीपणाचे! मासळी आणणाऱ्याच्या श्रमास आम्ही दर देतो, तोही घासाघीस करून. मान देत नाही. ही जातीची अढी आहे आणि तिला सुसंस्कृतपणाचे नाव देऊन चालणार नाही.

दुसरा आक्षेप चैनीचा. घरगुती होडी हा म्हणे परदेशी धनिकांचा शौक. टांगते यंत्र परदेशी खरेच. १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने ते बनवून विकावयास काढले. सरोवरावरच्या सहलीत भावी पत्नीसाठी वल्हवत नेलेले आइस्क्रीम वाटेतच वितळले आणि त्यातून त्यास ही कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे या यंत्राच्या जन्मकथेत शर्यत नाही, एक घरगुती सहल आहे. आणि गोमंतकाच्या पाण्यास यंत्राचे नावीन्य ते कसले? पोर्तुगीज अमदानीत पणजी-बेतीच्या दरम्यान धावणाऱ्या लाँचला आमचे वाडवडील 'गाझोलीन' म्हणत आणि तिच्यातून निमूटपणे प्रवास करीत. पुढे पूल झाले आणि आम्ही नदीकडे पाठ केली. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहून नदीची रुंदी आम्हांस पुन्हा एकदा कळली. नवा पूल होताच आम्ही ती पुन्हा विसरलो.

या विसरण्याची किंमत थोडी नाही. जिच्यावर आपण कधी जात नाही, त्या नदीचे काय चालले आहे ते आपणांस कळणार कोठून? पणजीसमोर जुगाराची जहाजे नांगरून पडली, ती आम्ही पुलावरून पाहिली. रात्री त्यांचे दिवे सुंदर दिसतात असेही आमच्यापैकी काहींनी म्हटले. खाजनांचे बांध कोठे खचले, मानशींची दारे कोठे कुजली, खारफुटीत प्लॅस्टिकचे थर कोठे साचले, हे काठावरच्या रस्त्यावरून दिसत नाही. ते पाण्यावरून, तेही सावकाश जाणाऱ्या होडीतून दिसते. १९८० च्या कायद्याने किनाऱ्यालगतचे पाणी पारंपरिक मासेमारीसाठी राखले जावे यासाठी सत्तरच्या दशकात रापणकार झगडले. मासळी खाणारे आम्ही त्या वेळी बहुतांशी काठावरच होतो.

तिसरा आक्षेप मात्र आम्ही डोक्यावर घेतो. हौशी लोकांनी नदीत उतरून मच्छीमाराच्या तोंडचा घास काढावा काय? मुळीच नाही. घरच्या होडीत जाळे नको, गळ पुरे. मिळाले ते घरी शिजवावे, एक मासाही विकू नये. आणि या निमित्ताने आमच्याच पंथातील काही नवश्रीमंतांस चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. चाळीस-पन्नास अश्वशक्तींचे धूड होडीला लावून जे अरुंद खाडीतून फेस उडवीत सुटतात, त्यांच्या लाटा खाजनाच्या मातीच्या बांधावर आदळतात आणि शेजारच्या डोणीतला माणूस ओलाचिंब होतो. अशा वीरांमुळेच लहान होडीवाला बदनाम होतो. लहान यंत्राचा मोठेपणा हाच की ते बंद करता येते आणि मग होडी वल्ह्यांनीही चालते.

ही विद्या पैशाने मिळत नाही, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो. चोडणच्या बाजूस तिवरांशेजारी गळ टाकून बसलो असता ओहोटीचे भान राहिले नाही. यंत्र वर उचलावयास उशीर झाला, पंखा चिखलात रुतला आणि होडी जागच्या जागी बसली. आम्ही वल्ह्याने रेटारेटी करू लागलो. पलीकडून एक म्हातारे मच्छीमार आपली डोण घेऊन आले, त्यांनी आमची धडपड थोडा वेळ पाहिली आणि म्हणाले, "उदकाक घाय ना, तुमकांच कित्याक?" भरती येईपर्यंत चार-साडेचार तास त्यांचे शिष्यत्व पत्करण्यावाचून गत्यंतर नव्हते. भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. पाण्याचा रंग पाहून चिखलाची धार ओळखणे त्यांच्याकडून शिकलो. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर यंत्रात गोडे पाणी खेळवावे, यंत्र थांबविणारी दोरी चालविणाऱ्याच्या मनगटास बांधलेली असावी, मुलांच्या अंगावर तरंगते जाकीट असल्याखेरीज दोर सोडू नये, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत म्हणून पाय पाण्यात सोडून बसू नये, पावसाळ्यात आग्वादच्या दांड्याकडे फिरकूही नये. यांपैकी एकही गोष्ट दुकानदाराने सांगितली नव्हती.

वर उल्लेखिलेले नातेवाईक गेल्या मार्गशीर्षात एका रविवारी होडीत आले. त्यांच्या नातीच्या गळाला हातभर तांबोशी लागली. मुलीने ती स्वतः ओढून घेतली, गळ सोडविताना बोटाला काटा लागला तरी रडली नाही. आजोबांनी मासा दुरूनच पाहिला, त्याचे फार कौतुक केले आणि घरी नेण्यासाठी पिशवी मागितली. मात्र तो खवले काढून, कापून देणारे कोणी भेटेल का, अशी चौकशीही हळूच केली.