हुकूम पोहोचविणारा शिपाई

शौर्याची गोष्ट निघाली की आम्हां धाराशिवकरांचे बोट आपोआप नळदुर्गाकडे वळते, आणि ते योग्यही आहे. कारण १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय फौज निजामाच्या मुलखात शिरली त्या पहिल्याच दिवशी, शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग मांडीत गोळ्या घुसल्या असताही सरपटत पुढे गेले, हातबाँब टाकून त्यांनी शत्रूचा मोर्चा बंद पाडला, आणि पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव लागले. परंतु अशा कथा ऐकून वाढलेल्या मनात पराक्रम आणि हत्यार यांची गाठ इतकी पक्की बसते की, ज्याचे काम केवळ निरोप नेण्याचे, त्याला वीर म्हणावयास जीभ रेटत नाही. हा दोष पलटणीचा नव्हे, आमचा आहे. सरकारी लखोटा, मयतीचा सांगावा, प्रसंगी साऱ्याची रक्कमही ज्याच्या इमानावर बिनघोर सोपवावी, त्या महार वतनदाराला पाणी मात्र वरून ओतून पाजणारा गावगाडा आमचाच होता ना?

म्हणून शेजारच्या नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव मला विशेष महत्त्वाचे वाटतात. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत ते कंपनीचे ‘रनर’ होते, हे फारसे कोणी सांगत नाही. तोफगोळ्यांनी टेलिफोनच्या तारा तुटल्या, बिनतारी यंत्र मुके झाले, की कमांडरचा हुकूम पायांनी पोहोचवायचा, आणि त्यासाठी सावलीसारखे त्याच्या मागे राहावयाचे, ही रनरची नोकरी.

९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतील सेनिओ नदीवर जाधव असेच आपल्या कमांडरसोबत होते. नदी कसली, पंधरा फूट रुंदीचा, छातीइतक्या पाण्याचा ओढाच तो. पण दोहों बाजूंचे बांध तीस-पस्तीस फूट उंच, उभ्या चढणीचे आणि जर्मन मोर्च्यांनी पोखरलेले. पाण्यातून पलीकडे निघताच मागच्या बांधावरून मशीनगनांचा मारा सुरू झाला. कमांडर व दोन शिपाई जखमी झाले, बाकीचे ठार. धड राहिले ते एकटे जाधव. एका जखमीला खांद्यावर घेऊन, पाण्यातून, त्या चढणीवरून, पेरलेल्या सुरुंगांमधून त्यांनी सुरक्षित जागी पोहोचविले, आणि तीच वाट तुडवीत दुसऱ्याला आणावयास ते पुन्हा खाली उतरले.

त्यानंतर त्यांनी मशीनगनचा एक मोर्चा थंड केला, हाताला जखम झाल्याने चालविता येईनाशी झालेली टॉमीगन फेकून दिली, आणि हातबाँबांनी आणखी दोन मोर्चे उडविले. बाँब संपले तेव्हा बांधाच्या माथ्यापर्यंत सरपटत जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे आणले. भाषणांत एवढाच भाग रंगतो. मला मात्र पुढचा क्षण अधिक मोलाचा वाटतो. उखळी तोफांचा भडिमार चालूच असता जाधव बांधाच्या माथ्यावर उघडे उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना करीत हात हालवू लागले, आणि वाट मोकळी झाल्याची ती खूण पाहून मागे खोळंबलेल्या कंपन्या नदीत उतरल्या.