स्वयंपाक बाईचा, व्यवस्थापन पुरुषाचं?

बाईला स्वयंपाक यायलाच हवा, असं आपला समाज मानतो. म्हणूनच तो तिला येतो याची किंमत कुणी करत नाही. दोनशे माणसांचं जेवण ती वेळेवर उतरवत असली तरी त्याला ‘हाताची चव’ म्हणतात, ज्ञान म्हणत नाहीत. मात्र हीच चूल घरातून उठून हॉटेलात गेली, तिला पगार, गणवेश आणि पदं चिकटली, की तिच्यापुढे पुरुष उभा राहतो. तो शेफ होतो, तो ‘फूड अँड बेव्हरेज मॅनेजर’ होतो. बाई भाजी चिरायला, भांडी घासायला आणि फार तर चपात्या लाटायला उरते. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती पगाराच्या आणि अधिकाराच्या हिशेबाने झालेली आहे.

फूड अँड बेव्हरेज मॅनेजर म्हणजे नेमकं कोण? हॉटेलात खाणं-पिणं जिथे जिथे दिलं जातं, म्हणजे रेस्टॉरंट, खोल्यांमधली सेवा, लग्न-समारंभांचे हॉल, बार, त्या सगळ्यांचा कारभार पाहणारी व्यक्ती. माल किती मागवायचा, जुना माल आधी कसा संपवायचा, एका ताटाला खर्च किती, ते किती रुपयांना विकायचं, कोणाची पाळी केव्हा, स्वच्छतेत कुठे कुचराई होते आहे, हे सगळं तिने किंवा त्याने पाहायचं. आता मला सांगा, वस्तीतली खानावळ चालवणारी बाई यातलं काय करत नाही? फरक एवढाच, की तिच्याकडे या कामाचा कागद नाही आणि म्हणून त्या पदाचा पगारही नाही.

या कागदाचा, म्हणजे व्यावसायिक प्रमाणपत्राचा प्रश्न आपण स्त्री-संघटनांनी गंभीरपणे हाती घेतला पाहिजे, असं मला वाटतं.

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप मला ठाऊक आहे. बाईला चुलीपासून सोडवायचं म्हणून आपण चळवळीत आलो, मग पुन्हा स्वयंपाकाचीच प्रमाणपत्रं कशाला? पापड, लोणची, मसाले यांच्या प्रशिक्षणांनी बाईला तिच्या पारंपरिक भूमिकेतच अडकवलं, ही टीका खरी आहे आणि ती आपणच केली आहे. पण प्रश्न पदार्थाचा नाही, पायरीचा आहे. आपण बाईला करायला शिकवलं, चालवायला शिकवलं नाही. पापड लाटण्याचं प्रशिक्षण घेतलेली बाई पापडच लाटत राहते. तिची गाठ कुणाशी पडते? कच्चा माल देणाऱ्या आणि पक्का माल उचलणाऱ्या माणसाशी. खर्च, भाव आणि पाळ्या ठरवण्याचं ज्ञान त्याच्याकडे असतं.

इतिहासही इथे आपल्या बाजूचा आहे, फक्त तो विसरला गेला आहे. मुंबईत १९५४ मध्ये देशातली पहिली हॉटेल मॅनेजमेंटची संस्था सुरू झाली, ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, अखिल भारतीय महिला अन्न परिषदेकडून. म्हणजे या पेशाच्या शिक्षणाचा पायाच बायकांच्या संघटनेने घातला! पुढे ही संस्था दादरला आली आणि थंगम फिलिप यांनी तिचं प्राचार्यपद अनेक वर्षं सांभाळलं. त्यांना १९७६ मध्ये पद्मश्री मिळाली. पेशेवर स्वयंपाकाच्या त्यांच्या पुस्तकावर आचाऱ्यांच्या पिढ्या शिकल्या.

त्याच मुंबईत दुसऱ्या टोकाला गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया होत्या. गिरणी कामगारांच्या पाळ्या सांभाळत त्या दोन वेळचं जेवण घालत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराच्या कचाट्यातल्या या बायांना बँकेचं दार उघडून दिलं. बाईच्या रांधण्याला ‘धंदा’ म्हणून मान्यता मिळाली, हे त्या कामाचं मोठं यश. धंद्याला कर्ज मिळालं, पण त्यातल्या कसबाला प्रमाणपत्र मिळायचं राहून गेलं. दादरची संस्था आणि गिरणगावची खानावळ यांच्यात अंतर काही मैलांचंच, पण या खानावळीतून त्या संस्थेत जायची वाट कुणी बांधली नाही.

ती वाट का हवी, हे एका साध्या हिशेबातून सांगते. बचतगटांबरोबर काम करताना हा हिशेब मी नेहमी फळ्यावर मांडते. समजा, दोघी जणी मिळून रोज ४० थाळ्या देतात. थाळी ८० रुपयांची. धान्य, भाजी, तेल मिळून ४५ रुपये, गॅस आणि जागेचं भाडं १२ रुपये. थाळीमागे उरले २३ रुपये, दिवसाचे ९२० रुपये. ‘हा आमचा नफा,’ असं बाया एकमुखाने म्हणतात. मग मी विचारते, दोघी किती तास राबता? पहाटेच्या बाजारापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत दहा-दहा तास. म्हणजे वीस तासांचे ९२० रुपये, तासाला ४६ रुपये. हा नफा नाही, ही मजुरी आहे, आणि तीही तुटपुंजी. शाळेतून येऊन मुलीने कांदे सोलले, सासूने तांदूळ निवडले, ते तर यात धरलेलंच नाही.

फूड अँड बेव्हरेजच्या अभ्यासक्रमात खर्च काढताना मालाच्या जोडीला माणसांची मजुरी लिहावी लागते, नफा त्यानंतर. घरकामाला मोल आहे, हे आपण शिबिरांमधून किती वर्षं सांगतो आहोत! इथे तेच पेशाच्या वहीत खर्चाचा रकाना म्हणून छापलेलं आहे. हा रकाना भरायला शिकलेली बाई थाळीचा भाव वेगळ्या ताठ्याने सांगते. म्हणून मला हे प्रशिक्षण बाईला चुलीशी बांधणारं वाटत नाही. स्वतःचे श्रम हिशेबात आणायला ते तिला शिकवतं.

आता प्रमाणपत्राच्या वाटा पाहू. सरकारी संस्थांमधला तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, पण त्याच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र भाग असतो. खाद्य-पेय सेवेची दीड वर्षाची पदविकाही आहे. पण तिशी-चाळिशीतल्या, घरची एकमेव कमावती असलेल्या बाईने दीड वर्ष कसं काढायचं? मोठ्या हॉटेलांत अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग एज्युकेशनल इन्स्टिट्यूटचं ‘सर्टिफाइड फूड अँड बेव्हरेज एक्झिक्युटिव्ह’ हे प्रमाणपत्र ओळखलं जातं. पण त्यासाठी त्या दर्जाच्या कामाचा अनुभव मागतात. बाईला त्या जागेवर बसू द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, तुला अनुभव नाही!

हा अनुभव कायद्यानेच कसा अडवला होता, त्याचं एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्तीला माहीत असावं. पंजाब अबकारी कायदा, १९१४ च्या कलम ३० नुसार, जिथे दारू दिली जाते अशा ठिकाणी कोणत्याही बाईला कामावर ठेवायला बंदी होती. दिल्लीला हा कायदा लागू होता. म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली मुलगी तिथल्या बारमध्ये उभी राहू शकत नव्हती. बारचं काम केलेलं नाही, तर खाणं-पिणं दोन्ही सांभाळणारी व्यवस्थापक होणार कशी? दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि डिसेंबर २००७ मध्ये ‘अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बाईच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून तिचं कामच काढून घेता येत नाही. काम सुरक्षित करणं ही शासनाची जबाबदारी आहे, असं त्या निकालाचं सार.

कायदा बदलला, तरी मन बदलायला वेळ लागतो. हॉटेलांच्या शिकाऊ मुली सांगतात, त्यांना स्वागतकक्षाकडे आणि हाउसकीपिंगकडे वळवलं जातं. ‘रात्रीची पाळी तुला जमणार नाही,’ हे त्यांना न विचारताच ठरतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीने तिला काम देता येतं, पण तिच्या संरक्षणाची आणि घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची आहे. ही सोय म्हणजे उपकार नव्हे. ती मागितली पाहिजे, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का, हेही विचारलं पाहिजे.

आणखी एक मुद्दा, जो आपण टाळतो. स्वयंपाकघर ही जातीची जागा आहे. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत सवर्ण मुलांनी दलित बाईच्या हातचं जेवायला नकार दिला, आणि काढलं गेलं ते त्या बाईलाच! ओरड झाल्यावर तिला परत घ्यावं लागलं. आपल्याकडे ‘स्वच्छ’ या शब्दामागे पुष्कळदा ‘सोवळं’ दडलेलं असतं. अन्नसुरक्षेचं शास्त्र मात्र जात विचारत नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवले का, हात धुतले का, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलं का, एवढंच ते विचारतं. कागदाने जात जाणार नाही, हे मला कळतं. पण ‘हिच्या हातचं चालत नाही’ म्हणणाऱ्यासमोर ‘माझ्याकडे अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र आहे, तुमच्याकडे काय आहे?’ असं विचारायचं बळ त्यातून येतं.

शालेय पोषण आहाराचं जेवण रांधणाऱ्या बायांकडेही याच नजरेने पाहायला हवं. २००९ मध्ये केंद्र सरकारने त्यांचं मानधन महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. पगार नाही, ‘मानधन’! शंभर मुलांसाठी दोघी स्वयंपाकी असा निकष आहे. दोघींनी रोज शंभर ताटं वेळेवर आणि कुणालाही बाधा न होता वाढायची, याला जगात कुठेही कुशल कामच म्हणतील. कुशल म्हणून शिक्का बसला, तर कुशल कामगाराचं वेतन मागता येतं. शिक्का नको असतो तो का, हे वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय? माझ्या मते चार गोष्टी.

पहिली, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या प्रशिक्षण योजनेत २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असा दंडक आहे. हा अभ्यासक्रम काही तासांचा असतो. गटांच्या कॅन्टीनमध्ये आणि सामुदायिक स्वयंपाकघरांत ही जागा राबणाऱ्या बायांपैकीच एकीला मिळाली पाहिजे, ठेकेदाराच्या पुतण्याला नव्हे. पहिली पायरी म्हणून ती आजच चढता येते.

दुसरी, अनुभवातून आलेल्या कौशल्याला परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनांमध्ये आहे. आमच्या भागात मात्र ती ‘मदतनीस’ या पातळीवरच अडते. वीस वर्षं खानावळ चालवलेल्या बाईला मदतनीस म्हणणं हा तिचा अपमान आहे. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापक या पातळ्यांची परीक्षा मराठीत, तोंडी आणि प्रत्यक्ष कामावर, दुपारी खानावळ थंड असते त्या वेळेत घ्या, अशी मागणी आपण करायला हवी.

तिसरी, आपल्या स्वतःच्या प्रशिक्षणांत पदार्थांच्या कृती कमी करून खर्च, भाव, साठा आणि पाळ्यांचं नियोजन आणावं. आणि प्रत्येक हिशेबात मजुरीचा रकाना सक्तीचा करावा.

चौथी, सरकारी कचेऱ्या आणि रुग्णालयांची कॅन्टीन गटांना मिळावीत म्हणून आपण भांडतो, तेव्हा ती कागदोपत्री कुणाच्या नावावर आणि प्रत्यक्षात कुणाच्या ताब्यात, हेही तपासावं. बाईच्या नावाने परवाना आणि गल्ल्यावर तिचा नवरा, हे चित्र प्रमाणपत्राने आपोआप पुसलं जाणार नाही. तिथे गटच पाठीशी लागतो.

केवळ एका कागदाने बाई मुक्त होत नाही, हे आपण साक्षरता मोहिमेपासून अनुभवलं आहे. पण कागद नसल्यामुळे ती किती स्वस्तात विकली जाते, हेही रोज पाहतो. अन्न शिजवण्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या आपल्यावर टाकला गेला. आता त्याचा भाव आणि त्याची रीत ठरवण्याची जागाही आपण मागू या. आपापल्या गटात पुढच्या बैठकीला हा विषय जरूर घ्या, आणि सुरुवात त्या थाळीच्या हिशेबापासून करा.